दर घरी एक माणूस

डोंगरउतारावरची खुरपणी खालून वर जाते. बायका एका ओळीत ओणव्या होतात, डाव्या हाताने तणाची मूठ आवळतात, उजव्या हातातल्या आखूड दांड्याच्या कुदळीने मुळाशी खरवडतात आणि एकेक पाऊल वर सरकतात. ओळीच्या मधल्या जागा त्यातल्या त्यात बऱ्या, पायाला टेकू मिळतो. कडेच्या जागा वाईट. उजवीकडे बांबूची मुळे, डावीकडे ओढ्याचा काठ आणि जळवा. पू देंगकिमाच्या शेतात पारझिंग हा तिसरा पावसाळा ओढ्याच्या कडेला ओणवत होती.

तिच्या शेजारी रेमी होती. रेमी याच गावची, लेंगथिंगची, सावडीने आलेली. आज हिच्या शेतात ती, उद्या तिच्या शेतात ही, असा गावातल्या बायकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब होता आणि त्यात मजुरीचा प्रश्न येत नसे. पारझिंगला सावड नव्हती, कारण तिला शेत नव्हते. गावाखालच्या चर्चच्या मैदानाशेजारी नदीपलीकडून पळून आलेल्यांची बांबू, ताडपत्री आणि पत्र्यांची चौदा छपरे होती, त्यातल्या एकात ती सासूबरोबर राहत होती.

रेमीने तिच्या पोटरीवरची फुगलेली जळू चिमटीत धरून ओढली, दगडावर टाकली आणि म्हणाली, "सयामा, माझ्या पायावरची बघ, काडीसारखी. तुझ्या पायावरची बघ, डुकरीण. जळवांनाही शिकलेलं रक्त कळतं."

ओळीतल्या बायका ओणव्यानेच हसल्या. पारझिंगही हसली. सयामा म्हणजे शाळेची बाई. नदीपलीकडच्या, दुसऱ्या देशातल्या फलाम शहरात ती अकरा वर्षे सरकारी शाळेत गणित शिकवत होती. तिथल्या सैन्याने सत्ता ताब्यात घेतली त्या वर्षी निषेध म्हणून तिने आणि तिच्या शाळेतल्या नऊ शिक्षकांनी खडू खाली ठेवला. महिन्याभरात बाजारच्या भिंतीवर 'पकडून द्या' म्हणून त्यांचे फोटो लागले. नऊ जणांपैकी चौघे तुरुंगात होते, एक तुरुंगातून घरी आला होता तो लाकडी पेटीत. पारझिंगचा नवरा ब्याकलियान पलीकडेच राहिला होता, डोंगरातल्या लढणाऱ्यांबरोबर. तो उंच कड्यावर चढला की त्याचा फोन लागे. मग दोन मिनिटे वारा ऐकू येई आणि मध्येमध्ये तो.

दुपारच्या जेवणाला बायका झोपडीत बसल्या. केळीच्या पानात भात, उकडलेला पाला, मीठ-मिरची. गावच्या बायका चुलीजवळ आणि छपरातल्या तिघी दाराशी, जिथे पागोळ्यांचे शिंतोडे येत. कुणी तसे ठरवले नव्हते. पहिल्या वर्षी तशा बसल्या आणि तसेच राहिले. पू देंगकिमा आल्याच्या वाळवणाच्या टोपल्या तपासत होता. पन्नाशी ओलांडलेला, चर्चमधला मानाचा माणूस, म्हणून सगळे त्याला आदराने पू म्हणत. स्वभावाने वाईट नव्हता. आल्याचा भाव दोन वर्षे पडलेला होता आणि त्याचा कोट कोपरांवर विरला होता.

पारझिंगने हात धुतले, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे बांधून म्हणाली, "पू, एक विचारायचं होतं. रोजाने येणाऱ्या गावच्या बायकांना पूर्ण मजुरी आणि आम्हा तिघींना निम्मी. वर त्या गेल्यावर आम्ही टोपल्या वाहतो. काम कमी होतंय का आमचं?"

देंगकिमाने टोपली खाली ठेवली. त्याला राग येण्याआधी आश्चर्य वाटले, ते त्याच्या तोंडावर दिसले. "तुमच्या छपरावरचे पत्रे कुणी दिले पहिल्या वर्षी?"

"तुम्ही दिले, पू. विसरले नाही."

"मग विचारतेस कशी?"

यावर तिच्याकडे उत्तर होते, पण ते उद्धट झाले असते. ती जागेवर जाऊन बसली. तिच्याबरोबरच्या दोघींनी मान वर केली नाही. रेमीने चुलीजवळून आपल्या पानातला मिरचीचा ठेचा उचलला आणि दाराशी आणून ठेवला.

शनिवारी दुपारी ग्रामपरिषदेचा कारकून छत्री मिटत छपरात वाकला. त्याच्या हातात घाटाच्या पायथ्याच्या चौकीवरून आलेले पत्र होते. लेंगथिंगच्या निर्वासितांच्या यादीतली पारझिंग नावाची परदेशी बाई मागच्या महिन्यात दोन दिवस परवानगीच्या चिठ्ठीशिवाय गावाबाहेर आढळली, गावाने काय कारवाई केली ते कळवावे. कारकुनाने ते वाचून दाखवले आणि मग चपलेकडे बघत उरलेले सांगितले. पू देंगकिमाचीही तोंडी तक्रार आली होती. ही बाई कामावर बायकांना फूस लावते आणि त्या दोन दिवशी ती कामालाही नव्हती. मंगळवारी परिषद बसेल. बहुधा यादीतून नाव काढावे लागेल.

"आणि नाव काढल्यावर?" सासूने विचारले. पी ङुनकिम, पी म्हणजे वयस्क बाईला आदराने, सत्तरीची होती, दातांच्या जागी हिरड्या, पण कान शाबूत.

कारकून छत्री उघडू लागला. सांगायची गरजही नव्हती. यादीत नाव असलेल्या माणसाला कुणी हात लावत नव्हते. यादीत नसलेल्या माणसाला गाडीत बसवून नदीच्या पुलावर नेत. पुलाच्या पलीकडे काय होते ते तिथल्या बाजारच्या भिंतीवर चिकटवलेले होते.

त्या दोन दिवसांत पारझिंग कुठे गेली होती, हे सासूला ठाऊक होते आणि गावातल्या निदान वीस जणांना ठाऊक होते. दरड कोसळून रस्ता बंद झाला होता आणि खालच्या आळीतली एक बाळंतीण अडली होती. गावच्या भोंग्यावरून पुकारा झाला. पारझिंगने कुदळ ठेवली आणि गेली. बांबूच्या डोलीवर बाईला घेऊन माणसे आलटूनपालटून खांदा देत नऊ तास चालली, रात्री इस्पितळाच्या ओसरीवर पडली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. पू देंगकिमा तेव्हा आल्याचा माल विकायला शहरात गेला होता.

पण हे सांगणार कोण? नदीच्या दोन्ही काठांवर एक रीत सारखी होती. कुणासाठी केलेले काम करणाऱ्याने आपल्या तोंडाने सांगायचे नसते. सांगितले की ते केल्यासारखे राहत नाही. माणूस हलका होतो. लहान पोरांनाही हे सांगावे लागत नसे. चौकीवर शिपायाने नाव विचारले तेव्हा पारझिंगने नाव सांगितले आणि डोलीकडे बोटही दाखवले नाही, कारण डोली पुढे निघून गेली होती आणि आपण डोली वाहतो आहोत असे म्हणणे तिला जमले नाही.

"मी सांगते जाऊन," सासू म्हणाली.

"तुम्ही सांगितलं म्हणजे मीच सांगितलं. एकाच चुलीचं तोंड."

रविवारी दोघी चर्चला गेल्या. नगारा वाजला, गाणी झाली, लोक नेहमीसारखे नमस्कार करत होते, फक्त थोडे जास्त सौजन्याने. मर्तिकाच्या घरी करतात तसे. पी ङुनकिम संपूर्ण प्रार्थनेत डोळे मिटून होती, पण तिचे ओठ हलत नव्हते. ती विचार करत होती.

सोमवारी सकाळी पारझिंग शेतावर गेल्यावर म्हातारीने केस विंचरले, लग्नातले विणलेले लुगडे नेसले आणि चढ चढून परिषदेच्या अध्यक्षाच्या, पू रोखूमाच्या घरी गेली. घरची माणसे सकाळच्या भाताला बसली होती. ती आत गेली नाही. व्हरांड्यात मधोमध एक खांब होता. तिने त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि गाल टेकवला.

खांब सिमेंटचा होता आणि रोखूमाने तो परवाच हिरव्या ऑइलपेंटने रंगवला होता. पावसाळ्यात रंग लावू नकोस, वाळत नाही, असे त्याची आई त्याला सांगत होती.

रोखूमा भाताच्या हाताने बाहेर आला. "पी, काय हे? रंग ओला आहे."

"असू दे. मी खांब धरला आहे."

शेजारीपाजारी जमले. एकाने विचारले, म्हातारीला चक्कर आली का. दुसरा म्हणाला, चक्कर आली असेल तर रंगाच्या वासाने. हशा पिकला. तेवढ्यात आतून रोखूमाची आई काठी टेकत आली. पी नुआई पंचाऐंशीची होती. तिने खांबाला चिकटलेली बाई नीट पाहिली आणि हसणाऱ्यांकडे वळली.

"कशाला दात काढता? राजे होते तेव्हा खून करून आलेला माणूसही राजाच्या घराचा मधला खांब धरायचा. मग बाहेर भाले घेऊन कुणी उभा असला तरी त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. हिने खांब धरलाय."

"आई, तो सिमेंटचा आहे. आत लोखंडी सळया आहेत."

"मग तर जास्तच भक्कम."

यावर मात्र कुणी हसले नाही. रोखूमा हात धुऊन आला. त्याच्या मनातली गेल्या दोन दिवसांची टोचणी एकदम हलकी झाल्यासारखी वाटली. त्याला या बाईला पुलावर पाठवायचे नव्हते. पण चौकीला उत्तर दिले नाही तर वरचे अधिकारी येऊन सगळी यादीच ताब्यात घेतील, याची त्याला धास्ती होती. एक नाव काढून चौदा छपरे वाचत असतील तर काढावे, असे त्याने स्वतःला पटवले होते. आता तिसरी वाट समोर आली होती. त्याने एका पोरीला शेतावर पिटाळले.

पारझिंग आली तेव्हा तिच्या गुडघ्यांपर्यंत चिखल होता. सासू अजून खांबाशीच होती, अर्धा गाल हिरवा. खालच्या छपरांतली माणसेही वर येऊन रस्त्यावर उभी राहिली होती.

रोखूमा समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, सयामा. तुझ्या सासूने जुनी रीत काढली आणि माझ्या आईने ती मान्य केली. मी ती मोडणार नाही. घरामागची खोली रिकामी आहे, पत्र्याची नाही, फळ्यांची. तुम्ही दोघी तिथे राहा. पाणी, लाकूडफाटा, डुकरांचं बघायचं. चौकीला मी कळवतो की ती माझ्या घरातली माणसं आहेत. मग यादी नको आणि चिठ्ठीही नको."

लोकांतून समाधानाचा सुस्कारा आला. पारझिंगने घरामागची खोली पाहिली होती. तिला दार होते आणि दाराला कडी होती. जमिनीपासून हातभर उंच, त्यामुळे खाली पाणी शिरत नसे. तीन वर्षे ती ओल्या जमिनीवर झोपत होती, आणि सासूच्या छातीतला घरघराट पाऊस पडला की वाढत असे. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. तो तिच्या जिभेवर आलाही.

ती पी नुआईकडे वळली. "पी, राजाचा खांब धरलेल्या माणसाची मुलं कुणाची व्हायची?"

म्हातारी म्हणाली, "राजाच्या घरची."

"आणि नातवंडं?"

"त्याच घरची. सुटायचं तर मोबदला द्यावा लागे. फार थोडे सुटले."

"म्हणजे जीव राहायचा, पण आपला राहायचा नाही," पारझिंग म्हणाली. आवाज चढला नव्हता. वर्गात उत्तर तपासताना असे तसा होता. "पू, तुमचं मन मोठं आहे, मला कळतं. पण माझ्याबरोबर खाली आणखी तेरा छपरं आहेत. उद्या त्यांच्यावर पत्र आलं तर त्यांनी कुणाचा खांब धरायचा? एका खांबाला किती हात पुरतील?"

"मग तुला काय हवं?"

"उद्याच्या बैठकीत मला बसू द्या. माझ्यावर काय आहे ते माझ्यासमोर बोला. मग नाव काढायचं ठरलं तर काढा."

"बाहेरच्या माणसाला बैठकीत बसता येत नाही."

"उभी राहीन."

ती पायऱ्या चढली आणि सासूचे हात खांबावरून सोडवू लागली. म्हातारी सोडेना. तिची बोटे रंगाला चिकटली होती आणि ती हट्टानेही धरून होती. "वेडी आहेस," ती सुनेच्या कानाशी पुटपुटली, "जीव वाचत होता. माझा मुलगा विचारेल तेव्हा काय सांगू, दार उघडं होतं आणि तुझी बायको आत गेली नाही?" पारझिंगने एकेक बोट हळूच सोडवले. खांबावर दोन तळव्यांचे आणि एका गालाचे ठसे राहिले. पी नुआईने आतून रॉकेल आणि चिंधी मागवली, पायरीवर बसून आपल्या हाताने पाहुणीचे तळवे पुसले आणि मग कमरेची बाटली काढून तंबाखूचा धूर मुरवलेल्या पाण्याचा एक घोट आधी तिला दिला. दोघी म्हाताऱ्या गालात घोट धरून, बोलता येत नसल्यामुळे, नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

मंगळवारी दोन वाजता बैठक भरली. पाऊस सरळ पडत होता. सभागृहाच्या पत्र्यावर त्याचा असा आवाज होता की बोलणाऱ्याला घसा ताणावा लागे. परिषदेची माणसे टेबलामागे, गावकरी बाकांवर. छपरातल्या माणसांना आत येता येत नव्हते. ती बाहेर प्लास्टिकचे कागद डोक्यावर धरून उभी होती. पारझिंग दारापासून चार पावले आत, भिंतीला टेकू न घेता उभी राहिली.

कारकुनाने चौकीचे पत्र वाचले. मग पू देंगकिमा उठला. तो खोटे बोलला नाही. तो म्हणाला, मी या लोकांना पत्रे दिले, थंडीत ब्लँकेटे दिली, काम दिले. आणि ही बाई मला माझ्याच शेतात, सगळ्यांसमोर जाब विचारते. दोन दिवस न सांगता कामाला दांडी मारते. आज तिघी विचारतील, उद्या तीस. दया करणाऱ्याला हे बघावे लागणार असेल तर दया कोण करेल? तो खरोखर दुखावला होता हे सगळ्यांना दिसले. बाकांवर माना हलल्या.

रोखूमाने पारझिंगला विचारले, "त्या दोन दिवशी तू गावाबाहेर होतीस?"

"होते."

"चिठ्ठी घेतली होतीस?"

"नाही."

"का गेलीस?"

बाकांवर बसलेल्या ज्यांना ठाऊक होते त्यांनी मान खाली घातली. ते बोलत नव्हते, कारण त्यांनीही खांदा दिला होता आणि तो सांगणे त्यांनाही शोभले नसते. पारझिंगने हात पुढे बांधले.

"पू, का गेले ते मी सांगू शकत नाही. पण परवानगी असेल तर मी एक विचारते. त्या दिवशी भोंग्यावर पुकारा झाला होता. पुकाऱ्याचा मजकूर कारकून वहीत लिहून ठेवतात. तो तेवढा वाचून दाखवावा."

रोखूमाने कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने वही आणली, पाने उलटली, बोटाला थुंकी लावली. ओल्याने पाने एकमेकांना चिकटली होती. मग त्याने वाचले: "दरड कोसळल्याने रस्ता बंद. रुग्ण खांद्यावर न्यायची आहे. दर घरी एक माणूस ताबडतोब चर्चच्या मैदानावर यावा. न येणाऱ्या घराची नोंद होईल."

"दर घरी एक माणूस," पारझिंग म्हणाली. "भोंगा माझ्या छपराच्या डोक्यावरच आहे, पू. मी ऐकलं. आता परिषदेने मला सांगावं, माझं छप्पर घर आहे की नाही. घर नसेल तर मी नियम मोडला, माझं नाव काढा. आणि घर असेल तर मी कुणाच्या परवानगीने गेले, ते या वहीत लिहिलेलं आहे."

टेबलामागे कुणीतरी खुर्ची सरकवली. रोखूमा वहीकडे बघत राहिला. तो पुकारा त्यानेच केला होता, स्वतःच्या आवाजात. त्या दिवशी त्याला घरे आणि छपरे असा फरक सुचला नव्हता. डोलीला खांदे कमी पडत होते.

परिषदेचा एक वयस्क सभासद अडखळत म्हणाला, "छपरं काही घरांत धरलेली नव्हती. घरपट्टी नाही त्यांना."

तेव्हा बाकावरून रेमी उठली. सावकाश उठली, लुगड्याचा काठ नीट केला.

"माझ्याबद्दल मी काही बोलणार नाही," ती म्हणाली, "पण हिच्याबद्दल बोलायला मला कोणतीही रीत अडवत नाही. डोलीला समान उंचीची माणसं लागतात, नाही तर आतली बाई घसरते. पुढच्या बांबूला माझ्या उंचीचं एकच माणूस होतं त्या सगळ्या पुरुषांत, आणि ते ही. घाटातल्या ओढ्यात पाणी मांडीपर्यंत होतं. हिचा पाय दगडात अडकला, नख उपटलं, तरी हिने खांदा खाली केला नाही. तेव्हा कुणी विचारलं नाही घरपट्टीचं. आपलं मूल जन्माला घालायला हिचं छप्पर घर, आणि चौकीला उत्तर द्यायला मोकळं रान?"

रेमी बसायला निघाली आणि पुन्हा वळली.

"आणि पू देंगकिमा, आता तोंड उघडलंच आहे तर तेही बोलते. तुम्ही दया केलीत, खरं आहे, पत्रे अजून आहेत त्यांच्या डोक्यावर. पण निम्म्या मजुरीत बाया मिळायला लागल्यापासून गावच्या रोजाच्या बायांना तुम्ही पूर्वीइतकं बोलावता का? माझी बहीण दोन महिने घरी बसली आहे. ही स्वस्त झाली म्हणून आम्ही महाग झालो. हिने पूर्ण मजुरी मागितली ती आमच्याही भल्याची आहे."

मागच्या बाकावरच्या बायकांत कुजबुज उठली आणि ती खाली बसेना. कोणीतरी म्हणाले, खरे आहे. आणखी कोणी म्हणाले, तिघींना टोपल्याही वाहायला लावतात. भिंतीशी एक तरुण बाई बसली होती, मांडीवर पंधरा-वीस दिवसांचे मूल. आतापर्यंत ती अंग चोरून होती. ती उठली, बाकांमधून वाट काढत आली आणि पारझिंगच्या शेजारी, भिंतीला टेकू न घेता, उभी राहिली. एक शब्दही बोलली नाही. तिच्यामागून डोलीला खांदा दिलेले पुरुष एकेक करून उठले आणि उभे राहिले. उभे राहणे म्हणजे सांगणे नव्हे. त्यात रीत कुठेच मोडत नव्हती.

देंगकिमाने त्या उभ्या माणसांकडे पाहिले, मग मुलाकडे. ते मूल त्याच्या चुलतभावाचे नातवंड होते. त्याच्या बारशाला त्याने कोंबडा पाठवला होता. त्याने टोपी काढून हातात घेतली. शेवटी म्हणाला, "मला हे कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं नसतं, पू," पारझिंग म्हणाली.

"नसतं," तो म्हणाला. "पण मी विचारायला हवं होतं." आणि खाली बसता बसता, कुणाकडेही न बघता, त्याने जोडले, "मजुरी सारखी राहील. माझ्या शेतात तरी."

मग रोखूमाने ठराव सांगितला आणि कारकून लिहीत गेला. पारझिंग गावच्या पुकाऱ्यावरून, गावच्या कामाला गेली होती. चिठ्ठीचा प्रश्न उद्भवत नाही. चौकीला तसे परिषदेच्या शिक्क्याने कळवावे. चौदाही छपरे आजपासून गावची घरे समजावीत. पुकारा होईल तेव्हा त्यांतूनही दर घरी एक माणूस येईल, आणि बैठक होईल तेव्हा दर घरचा एक माणूस आत बसेल. कोणाही घराचे नाव यादीतून काढायचे झाल्यास त्या माणसाला समोर बोलावून, ऐकून घेतल्यावाचून काढता येणार नाही. शेवटचे वाक्य त्याने दोनदा सांगितले, कारकुनाने दुसऱ्यांदा विचारले नसतानाही. हात वर करायला सांगितले तेव्हा टेबलामागचे सातही हात वर गेले, आणि बाकांवरचेही, ज्यांना मताचा अधिकार नव्हता.

बाहेर उभ्या असलेल्यांना यातले काहीच ऐकू गेले नव्हते. त्यांना फक्त दारातून हात वर होताना दिसले होते, आणि ते कशासाठी झाले हे त्यांना कळत नव्हते. पी ङुनकिम सगळ्यांत पुढे होती, प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घसरून खांद्यावर आलेला. सुनेने नाही म्हटलेल्या त्या दाराचा तिने रात्रभर विचार केला होता.

कारकून दारात येऊन यादी वाचू लागला. ठराव झाला की यादी पुन्हा वाचायची, हे कामकाजातच होते. पण त्याचा आवाज पावसात दोन हातही पोहोचेना. त्याने घसा खाकरला आणि कागद पारझिंगपुढे धरला. "तूच वाच. तुला सवय आहे."

ती पायरीवर आली. कागदावर थेंब पडू लागले तशी रेमीने मागून छत्री धरली. पारझिंगने एकदा समोर पाहिले. चौदा छपरांतली पन्नास-साठ माणसे चिखलात उभी होती. काय ठरले ते आधी सांगावे, की नावे आधी वाचावीत, हे तिला एक क्षण उमगेना. मग तिने छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवायचा असतो त्या आवाजात म्हणाली, "सगळे राहतो आहोत. एकही नाव गेलेलं नाही. आता ज्याचं नाव घेईन त्याने हो म्हणायचं."

तिने पहिले नाव वाचले. एक म्हातारा, ज्याचा मुलगा पलीकडे पुरला होता, गोंधळून म्हणाला, "हो." दुसऱ्या नावाला हो आला तो जरा मोठा. चौथ्या-पाचव्या नावापासून माणसे आपली पाळी येण्याआधीच पाऊल पुढे टाकू लागली. एका घरचे सगळे लोक एकदम हो म्हणाले आणि लोक हसले. एका बाईला हो म्हणताना रडू फुटले, तेव्हा तिच्या शेजारणीने तिच्यासाठी म्हटले आणि तिने लगेच स्वतःही म्हटले, म्हणजे दोनदा झाले. पारझिंगने थांबून मान हलवली, वर्गात करत असे तशीच, आणि पुढचे नाव घेतले. सभागृहातले गावकरी दारात आणि खिडक्यांत येऊन उभे राहिले. पू रोखूमाही आला, हातात शिक्का तसाच.

"ङुनकिम," तिने वाचले.

सासूने कागद डोक्यावरून काढून टाकला. "हो," ती म्हणाली, आणि पुरेसे वाटले नाही म्हणून आणखी मोठ्याने, "हो, इथे."

यादीत एकच नाव उरले होते. पारझिंगने ते पाहिले आणि थबकली. इतकी वर्षे हजेरी घेतली, पण हजेरी घेणाऱ्याने आपले नाव कधी पुकारायचे नसते. ते कसे वाचावे आणि वाचल्यावर हो कुणी म्हणायचे, हे तिला कळेना.

छत्री धरलेल्या रेमीने तिच्या खांद्यावरून वाकून कागद पाहिला आणि खणखणीत आवाजात वाचले, "पारझिंग."

समोरच्या चिखलातून आणि मागच्या दारांखिडक्यांतून एकाच वेळी हो आला, इतका मोठा, की पत्र्यावरचा पाऊस क्षणभर कुणालाच ऐकू आला नाही.